काकींचं पहिलं पाणी

वॉशिंग मशीन साधारण किती वर्षं टिकते, असं मला कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कुणाच्या घरात?" तुळजापूरला माझ्या आईची मशीन मी शाळेत होते तेव्हापासूनची आहे. झाकणाला सुतळी बांधलेली, पिळायच्या वेळी ती मोरीभर फिरून येते, पण चालते. आणि तेरखेड्याला माझ्या घरमालकीणबाईंची कोरी करकरीत मशीन इतक्यांदा बंद पडली की बार्शीहून येणारा मेकॅनिक घरातलाच होऊन बसला. आला की आधी चहा मागायचा, मग मशीनकडं बघायचा. काकींच्या हाताला मशीन लाभत नाही, असं अख्खी गल्ली म्हणायची. गल्लीत राहायचं तर गल्लीसारखं बोलावं लागतं, म्हणून मीही म्हणायचे.

मी तिथं आरोग्य केंद्रात नर्स होते. तेरखेडा म्हणजे फटाक्यांचं गाव. हमरस्त्याच्या अलीकडं वस्ती आणि पलीकडच्या माळावर दारूकामाचे कारखाने. कारखाना म्हटलं की डोळ्यांपुढं धुराडं येतं, तसलं तिथं काही नाही. एकमेकींपासून फटकून बांधलेल्या बुटक्या खोल्या, मधे बाभळी, जागोजाग पाण्याचे हौद. माझी तिथं बदली झाली तेव्हा सासूबाईंनी देवीला साडी बोलली. मी मुळातच घाबरट. कुलूप लावल्यावर त्याला लोंबकळून बघणारी, गॅस बंद केला का म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरणारी. या गावात आपला निभाव कसा लागणार, या काळजीतच मी खोली बघायला गेले आणि तिथं मला शेरास सव्वाशेर भेटली.

नाव-गाव विचारायच्या आधीच काकींनी माझ्या साडीचा पदर दोन बोटांत धरून चोळला. मला वाटलं, पोत आवडला असेल.

"सुती न्हाय ही," त्या म्हणाल्या.

"मिक्स आहे. धुवायला सोपी जाते."

"आमच्या घरात सुतीच लागतंय, शिष्टर. थंडीत असलं कापड अंगावरनं काढताना चटचट करतंय का न्हाय? ती ठिणगीच असती बगा. खोली देते तुमाला, पर ही साडी वरच वाळवायची. खालच्या दोरीवर आणायची न्हाय."

खोली मिळाली. त्या दिवसापासून माझ्या अर्ध्या साड्या वाळीत पडल्या.

काकी अंगानं काटकुळ्या, पण हात मात्र दुसऱ्या कुणाचे आणून लावल्यासारखे मोठे. बोअरच्या जड पाण्यानं आणि सोड्यानं बोटांना भेगा पडलेल्या. मी केंद्रातून आणलेलं मलम त्या नेमानं लावायच्या, रात्री नव्हे तर धुणं धुवायला बसायच्या आधी, त्यामुळं त्याचा उपयोग शून्य. त्या घरात एकाही कपड्याला चेन नव्हती. त्यांचा मुलगा नागनाथ, म्हणजे नागू, याच्यासाठी नवी पँट आली की ती आधी शिंप्याकडं जायची. चेन निघायची, पितळी हूक निघायचा आणि त्या जागी प्लॅस्टिकची बटणं लागायची. जीन्सला घरात बंदीच होती, कारण तिच्या खिशांना तांब्याच्या टिकल्या असतात. नागूचे मित्र त्याची चेष्टा करायचे, की घाईच्या वेळी याचं कसं व्हायचं. एकदा आमचे डॉक्टर काही निरोप द्यायला घरी आले, तर काकींनी त्यांच्या शर्टाची बाहीसुद्धा चोळून बघितली. डॉक्टरांना वाटलं ताप बघतायत. त्यांनी निमूटपणे हात पुढं केला.

घरातला दुसरा कायदा खिशांचा. नागू कामावरून आला की त्याला उंबरा ओलांडायची मुभा नव्हती. अंगणातल्या न्हाणीत कपडे उतरवायचे, बादलीत टाकायचे, अंघोळ करायची आणि पंचा नेसून मग घरात. काकी ते कपडे हातात घेऊन एकेक खिसा उलटा करायच्या, चिमटीत धरून झटकायच्या, शिवणीतून नख फिरवायच्या. काडीपेटी, बिडी, मोबाईल, खिळा, साधं रुपयाचं नाणंसुद्धा त्यांना चालायचं नाही. एवढं करून त्यांचं समाधान व्हायचं नाही, म्हणून अण्णांचेही खिसे. अण्णा म्हणजे त्यांचे यजमान. ते दिवसभर ओट्यावर बसलेले, कुठं जाणं नाही की येणं नाही, पण संध्याकाळी त्यांनाही सदरा काढून द्यावा लागायचा. "माझ्या खिशात काय घावणार हाय गं? माझा मीच घावंना मला," असं ते म्हणायचे, पण द्यायचे.

अण्णा पूर्वी मसाला कालवायचे. गंधक, सोरा, कोळसा आणि ज्याला तिथं चांदी म्हणतात ती ॲल्युमिनियमची पीठासारखी पूड, हे सगळं मापात मिसळायचं म्हणजे मसाला. दारूकामातलं सगळ्यात मानाचं काम, आणि सगळ्यात जोखमीचंही. पंचक्रोशीत अण्णांच्या हाताचं नाव होतं. मी यायच्या कितीतरी आधी एकदा त्यांच्या हाताखालचं मिश्रण भडकलं. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट तेवढं राहिलं. डाव्या हाताची बोटं भाजून एकमेकांना चिकटली ती चिकटलीच. तेव्हापासून चादर पिळायला दुसरं टोक धरणारं घरात कुणी नव्हतं. काकी एक टोक खुंटीला बांधायच्या आणि दुसऱ्या टोकानं एकट्याच पिळायच्या. मी एकदा धरायला गेले तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, तुमचं बळ तिकडं सुया टोचायला ठिवा."

त्या दिवशीची गोष्ट त्यांनी मला एकदाच सांगितली. त्या धुणं धुवायला बसल्या होत्या आणि माळावरून आवाज आला. कुणी म्हणालं, दुसऱ्याच कारखान्यात झालं. कुणी म्हणालं, अण्णा गेले. मग कुणी म्हणालं, जिवंत आहेत पण बार्शीला नेलंय. दिवस मावळेपर्यंत आपण सुवाशीण आहोत की नाही, हे या बाईला ठाऊक नव्हतं. म्हणून घरातला तिसरा आणि सगळ्यात मोठा कायदा. माळाकडून कसलाही आवाज झाला, की नागूनं हातातलं टाकून आधी घरी येऊन तोंड दाखवायचं. आत मोबाईल नेता येत नाही, म्हणजे फोनचा प्रश्नच नव्हता. "मालक काय म्हणंल ते मी बघते," काकी म्हणायच्या. "चप्पल घावली न्हाय तर अनवाणी यायचं."

नागूनं हा कायदा कधी मोडला नाही. तसा तो शब्दाचा पक्का पोरगा. मसाल्याला हात लावणार नाही, असं त्यानं येरमाळ्याच्या देवीपुढं आईला वचन दिलं होतं. तो कागदाच्या कामावर होता. नळ्या गुंडाळायच्या, खळ लावायची, वर रंगीत कागद चिकटवायचा, खोक्यात भरायचं. मसाल्याच्या खोल्यांपासून ती शेड लांब आहे.

आता पहिल्या पाण्याचं सांगते. नागूचे कपडे काकी कधी इतरांच्या कपड्यांत मिसळायच्या नाहीत. एक पांढरा टब त्यांनी खास त्यासाठी ठेवला होता. त्यात नुसतं पाणी, साबण नाही. कपडे बुडवायच्या, दाबायच्या, काढून बाजूला ठेवायच्या आणि मग त्या पाण्याकडं बघत बसायच्या. टब उजेडाकडं कलता करायच्या, बोट बुडवायच्या, बोटाला बोट चोळायच्या. मी वरच्या गॅलरीतून हे रोज बघायचे. "चांगलं निघालं," असं म्हणून त्या पाणी ओतून द्यायच्या आणि त्यांचा चेहरा सैल व्हायचा. अशा संध्याकाळी मला वर भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी यायची. मी मनात म्हणायचे, सोवळ्याचं वेड ऐकलं होतं, हे धुण्याचं वेड नवीनच.

एका दसऱ्याच्या तोंडावर नागूनं बार्शीहून टेम्पोतून मशीन आणली. फुल ऑटोमॅटिक, वर काचेचं झाकण. दुकानातला माणूस बसवायला आला होता. गल्लीतल्या बायका जमल्या, हळदकुंकू लागलं, मशीनला झेंडूची माळ पडली. नागू आईचे हात हातात घेऊन सगळ्यांना दाखवत होता, "बगा, बगा हे. आता बास झालं. आता आईनं बटण दाबायचं आन् बसून ऱ्हायचं." मला भरून आलं. माझ्या नवऱ्याला इतक्या वर्षांत माझे हात दिसले नव्हते.

काकींनी दुकानदाराच्या माणसाला एकच प्रश्न विचारला, "ही किती वर्षं जगती?"

"नीट वापरली तर दहा वर्षं कुठं गेली नाहीत, काकी."

"दहा वर्षं!" म्हणून काकी मटकन जोत्यावर बसल्या. आम्हाला वाटलं, आनंदानं.

त्यानंतर मशीनचे भोग सुरू झाले. पहिल्याच महिन्यात पाणी बाहेर जाईना. मेकॅनिक आला, त्यानं खालचा पंप उघडला, तर आत चिंचोके. मूठभर चिंचोके, चांगले फुगून बसलेले. "खिशात ऱ्हायले असत्याल," काकी म्हणाल्या. मग पाणी जायचा पाइप फाटला. काकी म्हणाल्या, उंदरानं कुरतडला. मेकॅनिक पाइप उलटसुलट करून बघत म्हणाला, "काकी, तुमच्याकडचा उंदीर विळी वापरतो काय?" मग झाकण लागेना, कारण मशीन चालू असताना ते कुणीतरी जोर लावून उघडलं होतं. दर खेपेला तो ओट्यावर चहा पीत तेच सांगायचा, की अशानं दहा वर्षांची मशीन दोन वर्षांत जाईल. आणि दर खेपेला मशीन बंद असलेल्या दिवसांत काकी पुन्हा दगडावर बसायच्या, फुटलेल्या हातांनी, आणि बऱ्या दिसायच्या.

नागू कधी चिडला नाही. तो लगेच दुरुस्तीला फोन करायचा. मशीन बंद असेल त्या दिवशी तो कामावरच्या हौदावर कपडे खळबळून आणायचा. "तुला तरास नगं," म्हणायचा. बायका म्हणायच्या, पोरगा असावा तर असा.

माझ्या डोक्यात उजेड पडला तो दुसऱ्यांदा चिंचोके निघाले तेव्हा. जी बाई नवऱ्याच्या सदऱ्याची शिवणसुद्धा नखानं कोरते, तिच्या हातून मूठभर चिंचोके सुटतील? मी मेकॅनिक जायची वाट बघितली आणि खाली जाऊन त्यांच्याशेजारी बसले.

"काकी, चिंचोके तुम्हीच टाकता ना?"

त्यांनी आधी अण्णांकडं बघितलं. अण्णा ओट्यावर पाठ करून बसले होते. मग हळू आवाजात म्हणाल्या, "शिष्टर, खिसे बगून झाले की नागू सोताच कापडं तिच्यात टाकतोय, आन् ती मशीन समदं पाणी एकदम गिळती. मला काय दिसतच न्हाय."

"काय दिसत नाही?"

"त्याचं पाणी."

आणि मग त्यांनी मला सांगितलं. कागदाच्या कामावरच्या माणसाचं पहिलं पाणी गुलाबी निघतं. कागदाचा रंग उतरतो, खळीनं बोटाला चिकट लागतं. मसाल्यावरच्या माणसाचं पाणी तसं नसतं. त्यावर चांदी तरंगते, साय धरल्यासारखी, आणि बोटाला लागली की धुतली तरी जात नाही. अण्णांचे कपडे त्यांनी इतकी वर्षं धुतले होते की त्यांनी आज काय कालवलं, हे त्यांना टबात कळायचं.

"त्यानं देवीपुढं आण घेतलीया, म्हनून मी तोंडानं इचारत न्हाय. इचारलं तर त्याला वाटंल आईचा इस्वास न्हाय. पाणी बघितलं की माझी रात्र जाती. मशीन बंद पाडली तर त्यो हौदावरनं खळबळून आणतोय. आता मशीन आली तवापासनं..." त्यांनी मशीनकडं बघितलं. "मला सांगा, ही मशीन त्यानं माझ्या हातासाठी आणली, का माझ्या डोळ्यासाठी?"

मी म्हणाले, "काकी, काहीतरीच काय. किती मायेनं आणलीय त्यानं." पण वर जाऊन मी दार लावून घेतलं. भाजलेली माणसं मी पाहिली आहेत. त्यांची कापडं कात्रीनं कापताना कुठं हळू करायचं, हे माझ्या हाताला माहीत आहे.

तेव्हापासून काकींचं वेड मलाही लागलं. आम्ही दोघींनी मिळून मशीनचा पाइप गटारातून काढून पांढऱ्या टबात सोडला. पण मशीनला पाणी लागतं ढीगभर, त्यात साबण, त्यात अण्णांचा सदरा, टॉवेल. टबात नुसतं गढूळ पाणी आणि फेस. "गढूळ तर समद्यांचंच असतंय," काकी म्हणाल्या. मशीनच्या आतली कचरा अडकायची जाळी मी काढून आणली. त्यात राखाडी लोण्यासारखं काहीतरी होतं. ती चांदी असेल, साबण असेल किंवा नुसती धूळ. मी ते बोटाला चोळलं, काकींनी चोळलं, आम्ही एकमेकींची बोटं उजेडात धरली, आणि दोघींपैकी एकीचीही छाती झाली नाही बोलायची.

नागूला मी एकदा गाठलंच. तो फाटकाशी गाडी पुसत होता. मी म्हणाले, "नागू, तू अजून कागदावरच आहेस ना?"

त्यानं हसून दोन्ही तळवे पुढं केले. गुलाबी होते, अगदी नखांपर्यंत.

हे मी काकींना उड्या मारत सांगितलं. त्या म्हणाल्या, "हात कुणीबी रंगवंल, शिष्टर." मला त्यांचा रागच आला. म्हटलं, ही बाई स्वतःही सुखानं जगणार नाही आणि दुसऱ्यालाही जगू देणार नाही.

दिवाळी जवळ आली की तेरखेड्याला श्वास घ्यायला फुरसत नसते. ट्रक लागतात, कारखान्यांत जास्तीची माणसं येतात, आणि आरोग्य केंद्रात आम्ही भाजल्याच्या मलमाचा साठा बघून ठेवतो. मशीनला वर्ष झालं तेव्हाची, त्या दिवसांतली एक दुपार. मी जेवायला घरी आले होते. मशीन त्या वेळी चांगली चालत होती. काकी तिच्याशेजारी उंच स्टूल घेऊन वरच्या काचेतून आत बघत बसल्या होत्या, दूध उतू जाईल म्हणून बसतात तशा. आणि माळाकडून आवाज आला.

खिडकीची तावदानं हलली. बाभळीवरचे बगळे उठले. मग काहीच नाही. गल्लीत एकेक दार उघडलं. मी घास तसाच टाकून खाली धावले, कारण केंद्रात पोचायला हवं होतं. पण काकींकडं बघितलं आणि माझे पाय तिथंच थांबले. त्या उठल्या नव्हत्या. त्यांनी मशीनची कड दोन्ही हातांनी धरली होती आणि आत कपडे फिरत होते.

अण्णा ओट्याच्या कडेला येऊन रस्त्याकडं तोंड करून उभे राहिले. "धूर न्हाय," ते म्हणाले. "धूर न्हाय गं. ऐकलंस का?"

काकींनी ऐकलं नाही. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तर सगळं अंग आतून थरथरत होतं, मशीनमुळं की भीतीनं, कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी आरडाओरडा झाला. हमरस्त्यावर एका मालट्रकचं टायर फुटलं होतं, बाकी काही नाही. बायका हसायला लागल्या. कुणी देवीचं नाव घेतलं, कुणी ट्रकवाल्याच्या आईचं. मीही हसले, आणि हसता हसता माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आणि फाटक ढकलून नागू आत आला. कायद्याप्रमाणं, अनवाणी, धापा टाकत. टायरचा आवाज त्यानंही ऐकला होता. तो टायरचा आहे, हे कळेपर्यंत आई मरून जाईल, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणून हौद नाही, अंघोळ नाही, कपडे बदलणं नाही, तो होता तसा उठून पळत सुटला होता.

"आई, मी हाय! काय न्हाय झालं, मी हाय!"

भर दुपारच्या उन्हात तो डोक्यापासून पायापर्यंत चमकत होता. भुवया चांदीच्या, कानाच्या पाळ्या चांदीच्या, पापण्यांवर चांदी. घामाच्या ओघळांनी गळ्यावर तेवढ्या काळ्या रेघा पडल्या होत्या.

आईच्या चेहऱ्याकडं बघून नागूला कळलं. त्यानं स्वतःचे हात वर करून बघितले आणि हळूच पाठीमागं नेले.

काकी उठल्या. मला वाटलं, आता याच्या थोबाडीत बसते. त्यांनी त्याला दंडाला धरून न्हाणीत नेलं, लहान पोराला नेतात तसं, आणि बादलीनं डोक्यावर पाणी ओतायला लागल्या. त्याच्या शर्टाची प्लॅस्टिकची बटणं एकेक करून सोडली. कान चोळले, मान चोळली. तो मान खाली घालून उभा होता. दगडावरून चांदीचं पाणी वाहत अंगणात आलं, माझ्या पायांपाशी आलं, मी पाय मागं घेतले.

"कवापासनं?" काकींनी विचारलं.

"मशीन आणली त्या आठवड्यापासनं."

"सोडतोस?"

नागूनं तोंडावरचं पाणी पुसलं. मग म्हणाला, "मसाल्याला माणूस न्हाय, आई. मालक म्हणतोय अण्णांचा हात मला आलाय. रंग बरोबर उतरतोय माझ्या हाताला. मी न्हाय केलं तर दुसरा कुणी करंल. त्याला काय आई न्हाय का?"

काकींनी बादली खाली ठेवली. मग त्या वळल्या आणि ओट्याकडं बघून म्हणाल्या, "तुमाला ठावं हुतं?"

अण्णांनी दोन्ही हात पुढं धरले आणि त्यांच्याकडं बघितलं. "मापं म्याच सांगितली त्याला," ते म्हणाले. "आडाणीपणानं कालवून मरंल म्हनून सांगितली."

हे ऐकल्यावर मात्र काकी रडल्या. तिथंच न्हाणीच्या दगडावर बसून, ओल्या पदरात तोंड घालून. नागू बनियनवर गारठून शेजारी उभा होता आणि अण्णा ओट्यावरून उतरायचं धाडस करत नव्हते. मशीन आत पिळायला लागली होती, तिची नुसती घरघर ऐकू येत होती. मी पुढं होऊन टॉवेल दिला, कारण मला दुसरं काही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ड्यूटीवर निघाले, तर कामावर जाणाऱ्या बायकांच्या घोळक्यात काकी. सुती लुगडं, डोक्याला फडकं, हातात डबा. मी त्यांना रस्त्यातच थांबवलं.

"काकी, तुम्ही कुठं?"

"कागद लावायला. त्याच्याच कारखान्यात. मालकाला सांगून आले, मला दाराकडंला बसवा म्हनून. तिथनं मसाल्याची खोली दिसती."

"अहो, म्हणजे आता दोघं जण तिथं! तुम्हाला काय म्हणावं? निदान एक माणूस तरी..."

"घरी बसून रोज जीव जातोय माझा, शिष्टर," त्या म्हणाल्या. "तिथं निदान त्याचं डोस्कं तरी दिसंल. त्याला बी माझं दिसंल. आई समोर बसलीया म्हटल्यावर हात जरा हळू चालंल त्याचा."

मी खूप बोलले. नर्स म्हणून बोलले, भाडेकरू म्हणून बोलले, शेवटी ओरडलेसुद्धा. त्यांनी माझ्या गणवेशाच्या साडीचा पदर सवयीनं दोन बोटांत धरला, चोळला, नाक मुरडलं आणि त्या बायकांच्या मागं चालू लागल्या. रस्ता ओलांडताना दोन्हीकडं बघितलं नाही, ट्रकवाल्याला हातानं थांबवलं.

पुढं माझी बदली नळदुर्गला झाली. इथं आवाज होतात ते ट्रकच्या हॉर्नचे आणि धाब्यावरच्या गाण्यांचे, तरी मी दचकते. काकींची मशीन मात्र त्या दिवसापासून एकदाही बंद पडली नाही. मेकॅनिकचा चहा गेला. दहा वर्षं काय, जास्तच जगेल असं वाटतं.

आठवड्यातून एकदा मी तिकडं फोन करते, संध्याकाळी, माळावरची कामं सुटायच्या सुमाराला. फोन अण्णा उचलतात, कारण त्या वेळी घरात ते एकटेच. मशीन हल्ली तेच चालवतात, बटण अंगठ्यानं दाबता येतं.

"मशीन काय म्हणते, अण्णा?"

"झ्याक हाय की."

"लावलीत का आजची?"

"न्हाय अजून," अण्णा म्हणतात. "कपडे यायचेत. दोघांचे."

मग मी फोन ठेवत नाही आणि तेही ठेवत नाहीत. तिकडं फाटकाची कडी वाजेपर्यंत आम्ही पावसापाण्याचं बोलत राहतो.